कागद एका जागी, नोंद दुसऱ्या जागी

नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं जुन्या सर्व्हरवरून नव्या डीएमएसमध्ये, म्हणजे डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये, हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं. शनिवारी दुपारी कॉपी लावून घरी गेलो. सोमवारी सकाळी क्वालिटीच्या साहेबांचा फोन: "अहो, आपली सगळी ड्रॉइंगं शनिवारीच जन्मली का?" बघतो तर खरंच, प्रत्येक फाइलपुढे 'क्रिएटेड' म्हणून त्या शनिवारची तारीख आणि 'मॉडिफाइड'पुढे २००९, २०१३, २०१६. जन्माआधीच दुरुस्ती! विंडोजचा हा जुना खाक्या आहे. कॉपी केलेल्या प्रतीला नवी जन्मतारीख मिळते, शेवटच्या बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. एकाही ड्रॉइंगमधली एकही रेघ हलली नव्हती. बिघडली होती ती ड्रॉइंगबद्दलची माहिती, आणि ऑडिटरला नेमकी तीच हवी होती.

या माहितीला मेटाडेटा म्हणतात. ती फाइलीच्या पोटात ठेवायची की बाजूला वहीत, हा सगळ्या डॉक्युमेंट मॅनेजमेंटच्या मुळाशी असलेला प्रश्न. तो संगणकाने आणला असं वाटतं, पण आमच्या नाशकात तो पार खडकात कोरलेला आहे.

पांडवलेण्यांमधल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघाला लेणं दिलं आणि ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली: २००० महिना शेकडा एक दराने, १००० महिना शेकडा पाऊण दराने. पुढे लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि 'निबध च फलकवारे', म्हणजे फलकवारात नोंदवलं. फलकवार म्हणजे नोंदी ठेवायची कचेरी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. थोडक्यात, दगडावरचा लेख सांगतोय की माझी अधिकृत नोंद इथे नाही, तिकडे दप्तरात आहे. ते दप्तर केव्हाच गेलं. उरला फक्त त्याचा पत्ता.

तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख तर आजच्या डीएमएसची 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडावी तसा आहे. हुकूम कुणाचा: राजाचा. कुणाला: गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित. विषय: उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं. हुकूम तोंडी दिला, अमात्य शिवगुप्ताने तो लिहिला, सांभाळला महास्वामींनी. वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस पहिला. काम केलं तापसाने. आणि त्याला जोडूनच वर्ष २४ चा दुसरा हुकूम आहे: आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही, गावही वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. जुना हुकूम खोडलेला नाही. नवा त्याच्याशेजारी आला. आम्ही ज्याला आज 'व्हर्जन हिस्टरी' म्हणून छाती फुगवतो ते हेच.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांनी हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सोडवली. यजमान आला की गुरुजी आधी त्याचं नाव विचारत नाहीत. आधी आडनाव आणि मूळ गाव, मग त्यावरून चोपडी, मग पान. तिथे आजोबांच्या हातचा लेख निघतो आणि खाली आपण आपला जोडायचा. चोपडीच शोधाचं साधन आणि चोपडीच साठवण. म्हणून गुरुजींना सर्व्हर आणि डेटाबेस असे दोन जिन्नस सांभाळावे लागले नाहीत.

सरकारी कचेरीला मात्र ते सांभाळावे लागले. पेशवाईचे कागद रुमालात बांधलेले असत, आणि रुमाल म्हणजे नुसतं फडकं नव्हे, तो एक क्रमांक असलेला संच. पुढे कलेक्टर कचेऱ्यांत कागद टपालात आला की आधी बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, जाई: आवक क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय काय, कुठल्या टेबलाकडे दिला. काम संपलं की नस्तीबंद, म्हणजे फाइल बंद, आणि रेकॉर्ड रूम. तिथे अ, ब, क, ड. अ म्हणजे कायम जपायचं, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १० वर्षं, ड म्हणजे वर्षभरात नष्ट. क आणि ड यांच्या मध्ये ५ वर्षांचा क-१ सुद्धा आहे. बाबू लोकांना कुठेच फट ठेवायची नसते. महाराष्ट्रातली सहा गठ्ठ्यांची पद्धत मला तर फारच हुशार वाटते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं. नस्ती कुठल्या गठ्ठ्यात आहे हीच तिची स्थिती. डीएमएसमधला 'स्टेटस' नावाचा रकाना इथे लाकडी कपाटात होता.

आता संगणक. १९७० च्या आसपास केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम रचताना प्रत्येक फाइलीसाठी एक छोटा टाचणवजा नमुना ठेवला, त्याला आयनोड म्हणतात. मालक कोण, कुणाला परवानगी, आकार किती, तारखा, आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे. त्यात एक गोष्ट मुद्दाम नाही: फाइलीचं नाव. ते डिरेक्टरीत असतं, आयनोडच्या क्रमांकाशेजारी. म्हणून एकाच फाइलीला दोन नावं असू शकतात, सासरचं आणि माहेरचं, आणि बाई मात्र एकच. पुढे पीसीवर आलेल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमने अशी ऐट केली नाही. तिथे फाइलीमागे ३२ बाइटांची एक ओळ. त्यातच आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी पुढची शेपटी, तारीख, वेळ, आकार. वेळ तर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि वर्ष १९८० पासून मोजलेलं, कारण जागाच तेवढी.

पण ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन, मंजुरी कुणाची, कुठल्या ग्राहकासाठी, हे असल्या ओळीत बसवणार कुठे? एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल तक्त्यांनी, म्हणजे ओळी आणि रकान्यांच्या डेटाबेसने, ती जागा दिली. त्याच तक्त्यांवर १९९० मध्ये सुरू झालेल्या डॉक्युमेंटम या डीएमएसने आपला संसार मांडला. मजकुराची फाइल साध्या डिस्कवर, आणि तिच्याबद्दलचं सगळं डेटाबेसमध्ये. तिथेही दोन तक्ते: ज्याचं उत्तर एकच असतं, उदाहरणार्थ शीर्षक, ते एका तक्त्यात, ज्याची उत्तरं अनेक, म्हणजे लेखक किंवा खूणशब्द, ते दुसऱ्यात. डिस्कवर फाइलीला माणसाला वाचता येईल असं नावच नसतं, नुसते सोळाच्या पायातले आकडे. डेटाबेस गेला तर समोर बिननावाच्या हजारो फाइलींचा ढिगारा उरतो. फलकवार गेलं तसंच.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या डीएमएसने उलटं केलं, फाइलच डेटाबेसमध्ये कोंबली. आणि वापरणारे जे रकाने स्वतः बनवतात, ते बरीच वर्षं एका अजस्र रुंद तक्त्यात 'एनव्हारचार१', 'एनव्हारचार२' अशा नावांच्या खणांत जात. पडद्यावर ज्याला तुम्ही 'ग्राहकाचं नाव' म्हणता, ते आत एनव्हारचार३ असायचं. डॉक्युमेंटमच्या संस्थापकांपैकी जॉन न्यूटन यांनी २००५ मध्ये अल्फ्रेस्को नावाचं आणखी एक डीएमएस काढलं. त्यात एका गुणधर्माची एक ओळ, आणि फाइली वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट अशा फोल्डरांत. म्हणजे परत आवक नोंदवहीच, कागद कुठल्या मिनिटाला आला यावरून लावलेली.

दुसरा पक्ष म्हणत होता, माहिती फाइलीच्या पोटातच ठेवा, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी ती सोबत जाईल. वर्डची आजची फाइल ही खरं तर झिप असते. शेवटची अक्षरं बदलून झिप करा आणि उघडा, आत 'कोअर' नावाची छोटी एक्सएमएल फाइल मिळेल. तिच्यात लेखक, शीर्षक, तयार केल्याची वेळ. 'क्रिएटर' या नावापुढे 'डीसी' असं लागतं, ते डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या यादीचं. १९९५ मध्ये ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले आणि कुठल्याही दस्तऐवजाला पुरतील असे मोजके घटक ठरवायला लागले. पुढे ते १५ झाले. डब्लिन म्हणजे आयर्लंडचं नव्हे, ओहायोतलं.

अंबडच्या फाइलींतल्या या पोटातल्या नोंदी मी एकदा चाळल्या. कामाच्या सूचनांच्या पंचवीसेक फाइलींत लेखक म्हणून एकच नाव होतं: 'एचपी'. ज्या लॅपटॉपवर पहिला नमुना बनला, त्याच्यावर विंडोज टाकणाऱ्याने वापरकर्त्याचं नाव म्हणून कंपनीचाच शिक्का टाकला होता, आणि पुढे प्रत्येकाने तीच फाइल उघडून 'सेव्ह ॲज' केलं. डीएमएसच्या तक्त्यात मात्र खऱ्या माणसाचं नाव होतं. पोटातलं खरं की वहीतलं? आमच्याकडे वहीतलं, पण असं प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही.

कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ७ आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद जपली असं म्हणायचं असेल तर ती कुठून आली, कुठे गेली, कोणत्या तारखेला आणि वेळेला पाठवली किंवा मिळाली हे ओळखता येईल असा तपशीलही जपलेला हवा. बारनिशीचा रकानाच जणू. आणि महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुना फेरफार शोधायला गेलात तर तिथेही जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट क्रमांक असंच विचारतात. स्कॅन म्हणजे शेवटी फोटो. तो स्वतःहून काही बोलत नाही. गाव विचारायचं, ही रीत रामकुंडावर आधीपासून होती.

आमचं नशीब बरं की जुना सर्व्हर अजून फॉरमॅट केला नव्हता. त्यावरच्या सगळ्या फाइलींच्या तारखा एका एक्सेलमध्ये काढल्या, प्रत्येकीला ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन जोडली, आणि नव्या डीएमएसमध्ये 'मूळ तारीख' असा वेगळा रकाना करून पाचशे-पाचशेच्या टप्प्याने भरल्या. 'क्रिएटेड'मध्ये आजही तोच शनिवार आहे. तो सिस्टिमचा रकाना, त्याला हात लावू देत नाही. ऑडिटरने त्या दोन तारखा शेजारी बघितल्या, हसला, आणि पेन्सिलीने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.