आडवाटेचा निवारा : काम सोपवण्याआधी एवढं वाचून घ्या

ट्रेकर्ससाठी निवारा बांधायचा म्हटलं की पहिली विचारणा होते सोलर पॅनेलची, दुसरी मोठ्या काचेची. दोन्ही देता येतात. पण असे निवारे आखून बांधणारे म्हणून आमचे प्रश्न वेगळे असतात. सामान तिथवर नेणार कोण? आणि काही वर्षांनी छपराचा पत्रा सुटला, तर तो बसवायला जाणार कोण? निवारा पर्यावरणपूरक ठरतो की नाही, हे बहुतांशी या दोन उत्तरांवर अवलंबून असतं.

आधी पडकं घर शोधा

स्कॉटलंडमध्ये १९६५ साली स्थापन झालेली ‘माउंटन बॉथीज असोसिएशन’ डोंगरातली ओस पडलेली घरं डागडुजी करून भटक्यांसाठी खुली ठेवते. अशी सुमारे शंभर घरं ती सांभाळते. तिथे सहसा वीज नसते, नळ नसतो आणि भाडंही नसतं. शौचाला जायचं तर फावडं घेऊन लांब जायचं. तुमच्या वाटेवर भिंती शाबूत असलेली अशी एखादी वास्तू असेल, तर नवं बांधू नका, तीच दुरुस्त करा. आमचं काम कमी होईल, पण सल्ला हाच.

ओझ्याचा हिशेब

एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण २४०० किलो भरतं. वाळू, खडी, सिमेंट, पाणी सगळं धरून तीस किलोची ऐंशी ओझी! तीही फक्त पायासाठी, आणि उद्या निवारा हलवायचा ठरला तर तो ठोकळा कायमचा तिथेच. म्हणून आम्ही काँक्रीट शक्यतो टाळतो. खडक असेल तर भोक पाडून अँकर बोल्ट बसवतो, माती असेल तर पिळून आत घालायचे लोखंडी स्क्रू-पाय वापरतो. काढायची वेळ आली की ते उलटे फिरवून निघतात.

वरचा सांगाडा लाकडाचा. कुठलाही तुकडा दोन माणसांना उचलता येईल आणि पायवाटेच्या वळणावर फिरेल एवढाच ठेवतो. हेलिकॉप्टरची सोय असेल तर गोष्ट वेगळी. स्लोव्हेनियातल्या स्कुटा शिखराखाली २०१५ साली आठ गिर्यारोहकांचा निवारा बसवला, तो तीन भागांत हेलिकॉप्टरने नेला होता. पण उंचीवर हवा विरळ होते आणि हेलिकॉप्टरला कमी वजन उचलता येतं, त्यामुळे तिथेही हलकेपणाला पर्याय नाही.

मात्र हलक्या घराला भीती खचण्याची नसते, उडून जाण्याची असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातो. म्हणून आम्ही छपराच्या कडा भिंतीबाहेर फार काढत नाही. पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत एवढंच. चित्रात रुंद छपरं छान दिसतात, हे खरं.

ओल : निवारे इथे मरतात

झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो. आठ माणसं, आठ तास : अडीच लिटर पाणी. शिवाय ओले कपडे आणि स्टोव्हची वाफ. ही वाफ थंड पत्र्याला लागते आणि पहाटे अंगावर टपटपते. ती भिंतीच्या आत शिरली तर उष्णतारोधक थर भिजतो, मग बुरशी, मग लाकूड कुजतं. बाहेरून निवारा नवाकोरा दिसत असतो.

यावर उपाय तसा स्वस्त आहे, फक्त तो आराखड्यातच असावा लागतो. आतल्या बाजूला वाफ अडवणारा थर, पत्र्याखाली हवा खेळायला पोकळी, आणि समोरासमोरच्या भिंतींत एक खाली, एक वर असे दोन झरोके. ‘झरोक्याला झडप द्या, थंडीत बंद करता येईल,’ असं बरेच जण सुचवतात. आम्ही देत नाही. कडाक्याच्या थंडीत कोणीतरी आत स्टोव्ह पेटवणारच, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झरोक्यांना जाळी मात्र हवीच, सहा मिलिमीटरपेक्षा बारीक. त्याहून मोठ्या भोकातून उंदीर आत येतो.

झरोक्यातून थोडी ऊब जाते, जाऊ द्या. झोपलेलं शरीर साधारण ७०-८० वॅट उष्णता देतं, म्हणजे आठ जणांचे सहाशेच्या आसपास. झोपायच्या फळ्यांवर छत ठेंगणं ठेवलं आणि भिंतींचा उष्णतारोधक थर चांगला असला की हीटरची गरज पडत नाही.

पाणी आणि शौचालय

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बारा चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पडला तर गळती-उडती वजा जाता शंभर लिटर टाकीत येतं. ते उकळून किंवा गाळणयंत्रातून काढूनच प्यायचं, ही सूचना नळाशेजारी लावून देतो.

‘कंपोस्ट शौचालय द्या’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगतो : थंडीत कंपोस्ट होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. तिथे लघवी वेगळी करायची आणि मैला बंद पिंपात साठवून खाली न्यायचा, हेच चालतं. वेगळं केल्याने वजन आणि वास दोन्ही घटतात. जागा झऱ्यापासून किमान ६० मीटर लांब. भरलेलं पिंप कोण नेणार, हे लेखी मिळाल्याशिवाय आम्ही शौचालयाचा आराखडा करत नाही.

सोलर? एक दिवा आणि छोटी बॅटरी, बस्स.

ताबा देताना

पूर्ण निवाऱ्यात एकाच डोक्याचे स्क्रू आणि एकाच मापाचे बोल्ट वापरतो, म्हणजे वर जाणाऱ्याला एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट थेट टेकू देत नाही, मध्ये नायलॉनचा वॉशर असतो. नाहीतर ओलीत पत्रा त्या जागी खंगतो. सुट्या भागांची पेटी फळीखाली ठेवलेली असते.

पहिल्या भेटीला येताना वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी, जमिनीच्या परवानगीची कागदपत्रं, एका वेळी किती जण थांबतील याचा अंदाज आणि देखभाल करणाऱ्याचं नाव आणा. त्यानंतर आमच्यातला एक जण तुमच्या माणसासोबत त्या जागी एक रात्र तंबूत काढतो, शक्यतो वादळी हवेत. निवाऱ्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं, ते त्यानंतर ठरतं.