गाठ तशीच ठेवून आधी केमो कशासाठी?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या थोरल्या बहिणीच्या स्तनात गाठ सापडली होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला, स्कॅन झाले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आधी पाच-सहा महिने केमो आणि त्यानंतर ऑपरेशन. कॅन्सर हा शब्द घरच्यांनी कसाबसा पचवला होता, पण हा क्रम ऐकून सगळेच हबकले. "अगं, इतके महिने गाठ अंगात तशीच ठेवणार म्हणे! म्हणजे हाताबाहेर गेलंय आणि कुणी तोंडावर सांगत नाहीये, असंच ना?"

मी पेशीविज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचं उत्तर ज्या पेशीत दडलंय ती माझ्या रोजच्या ओळखीची आहे, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

ही भीती कुठून आली हे समजू शकतं. १९७० च्या दशकात ऑपरेशनआधी केमो मिळायची ती मुख्यतः ज्यांचं ऑपरेशन करताच येत नव्हतं अशा स्त्रियांना. गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली, किंवा सगळा स्तन लाल होऊन सुजलेला. औषधाने आकसली तर कापता येईल, एवढीच आशा. 'आधी केमो म्हणजे शेवटची पायरी' ही समजूत तेव्हाची. आज गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला असेल, आणि तो ट्रिपल निगेटिव्ह (पेशींवर हार्मोनचे दोन ग्राहक आणि हर-टू प्रथिन, यांतलं काहीच नसलेला) किंवा हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन प्रमाणाबाहेर असलेला) प्रकारचा असेल, तर सहज कापता येण्याजोग्या गाठीलाही बहुतेक वेळा केमोच आधी देतात.

आधी कापायचं, जितकं जास्त कापाल तितकं बरं, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी रुजवला. कॅन्सर गाठीतून शेजारी, शेजारून काखेत, असा पायरीपायरीने सरकतो अशी त्यांची धारणा होती. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी असं सगळंच काढलं जायचं. पाऊणशे वर्षं हे चाललं. मग बर्नार्ड फिशर या सर्जननेच त्याला आव्हान दिलं. पेशी रक्तावाटे फार लवकर दूरवर निघून गेलेल्या असू शकतात, तर मग जखम मोठी करून काय साधणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गटाने १९८८ साली बी-१८ नावाची चाचणी सुरू केली. १५२३ स्त्रिया, सगळ्यांना तीच दोन औषधं, तेवढेच चार डोस. फरक एवढाच की निम्म्यांना ऑपरेशनआधी आणि निम्म्यांना नंतर. कुणाला कुठल्या गटात घालायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलेलं. ५ वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत सुमारे ८० टक्के स्त्रिया हयात होत्या. थांबल्याने नुकसान झालं नव्हतं. उलट आधी केमो घेतलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के स्त्रियांच्या गाठी निम्म्याने किंवा त्याहून जास्त आकसल्या, आणि पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढून भागलेल्यांची संख्याही त्या गटात जास्त निघाली.

पण मला या पद्धतीचं जे मोल वाटतं ते वेगळंच आहे. गाठ आधी काढून टाकली की नंतरची केमो अंधारात द्यावी लागते. शरीरात कुठे चुकार पेशी असतीलच तर त्या मरतायत की नाही, हे कळायला मार्ग नसतो. वर्षं जावी लागतात. गाठ जागेवर असली तर दर डोसानंतर ती हाताला लागते, सोनोग्राफीत मोजता येते. त्या न दिसणाऱ्या पेशी याच गाठीच्या वंशातल्या, म्हणून गाठीवर होणारा परिणाम त्यांच्यावरच्या परिणामाचा अंदाज देतो. अगदी थोड्या जणींची गाठ औषधाला न जुमानता वाढते. त्यांचं औषध बदलता येतं किंवा ऑपरेशन लवकर घेता येतं.

आता त्या पेशीत शिरू. स्तनाच्या कॅन्सरवरच्या केमोत जी औषधं वापरतात त्यांतलं एक पॅक्लिटॅक्सेल. १९६२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल तपासणीसाठी गोळा केली गेली, तिच्यातून ते सापडलं. मन्सुख वाणी आणि मनरो वॉल यांनी १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर केली. ते पेशीत नेमकं काय करतं हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं, आणि ते कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

शाळेत आपण पेशीविभाजनाची आकृती काढतो. मधे गुणसूत्रं, दोन टोकांना दोन बिंदू, आणि त्यांना जोडणारे तर्कूतंतू. वहीत ते तंतू ताणलेल्या दोऱ्यांसारखे स्थिर दिसतात. खऱ्या पेशीत ते क्षणभरही स्थिर नसतात. प्रत्येक तंतू म्हणजे एक पोकळ नळी, सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे जोड-ठोकळे एकावर एक बसून तिची एक पट्टी होते, आणि बहुधा अशा तेरा पट्ट्या कडेकडेने जुळून नळी तयार होते. व्यास मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा. नळीच्या टोकाला ठोकळे चढत राहतात, नळी वाढते, आणि अचानक, काही सूचना न देता, टोक उकलतं आणि नळी कोसळत मागे येते. मग पुन्हा वाढते. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी हे वर्तन नोंदवलं.

हे कोसळणं वाया जात नाही. नळ्या चाचपडत असतात. ४६ गुणसूत्रांच्या प्रती निघाल्यावर पेशीत ९२ धागे असतात, आणि त्या प्रत्येकाला योग्य बाजूच्या नळ्यांनी पकडलं पाहिजे. नळी एका दिशेला वाढते, काही हाती लागलं नाही तर कोसळते, दुसऱ्या दिशेला वाढते. विभाजनाच्या वेळी हा खेळ कितीतरी पटींनी वेगवान होतो. एकजरी धागा पकडायचा राहिला तरी तो 'थांबा' असा रासायनिक इशारा देत राहतो आणि अख्खी पेशी त्या एकासाठी खोळंबते. सगळे पकडले गेले की इशारा बंद, आणि दोन्ही संच दोन टोकांकडे ओढले जातात.

पॅक्लिटॅक्सेल नळीच्या आतल्या बाजूला, बीटा-ट्युब्युलिनच्या एका खाचेत जाऊन बसतं आणि पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतं. नळी कोसळूच शकत नाही. त्याआधीची अशा जातीची औषधं नळी बांधू देत नसत. हे औषध ती मोडू देत नाही. मोडता आली नाही तर चाचपडताही येत नाही. मग 'थांबा'चा इशारा चालूच राहतो, पेशी विभाजनाच्या मधोमध अडकते आणि मरते. कित्येक वर्षं आम्ही वर्गात हेच शिकवलं.

प्रयोगशाळेतल्या बशीत हे अगदी असंच घडतं. पण माणसाच्या गाठीत? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर ज्यांची गाठ अजून जागेवर होती अशाच स्त्रियांकडून मिळू शकत होतं. ऑपरेशनआधी पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या काही स्त्रियांच्या गाठीतून पहिल्या डोसानंतर २० तासांनी बायोप्सी घेतली गेली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. गाठीत पोचलेलं औषध पेशींना फार वेळ अडकवून ठेवण्याइतकं नव्हतंच. बहुतेक पेशी विभाजन पूर्ण करत होत्या. बिघाड दुसरीकडे होता. तर्कूला दोनऐवजी तीन-चार टोकं फुटली होती. गुणसूत्रं तीन-चार दिशांना ओढली जाऊन कुठल्याही हिशेबाविना वाटली जात होती. एका पेशीला काही गुणसूत्रं दुप्पट, दुसरीला काही मिळालीच नाहीत. जगायला लागणारी जनुकंच ज्यांना मिळाली नाहीत अशा पेशी पुढे मरून जातात. गाठी आकसल्या त्या अशा. चुकीच्या वाटणीने कॅन्सरपेशी मरते हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या टिपणांची ती पानं नव्याने लिहिली.

या एकाच यंत्रणेतून बाकीचा त्रासही समजतो. केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात, म्हणून केस गळतात, आणि औषध थांबलं की बहुतेकींचे परत येतात. हातापायांना मुंग्या येतात त्याचं कारण निराळं. चेतापेशी विभागत नाहीत, पण त्यांच्या लांब तंतूंत सूक्ष्मनलिका रुळांसारख्या असतात आणि त्यांवरून मालाची ने-आण चालते. कमरेजवळून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. रूळ बिघडले की पहिली झळ सर्वांत लांबच्या टोकाला, म्हणून मुंग्या बोटांपासून सुरू होतात. त्या अंगावर काढू नयेत, पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगाव्यात. डोस कमी करता येतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमोच्या बऱ्याच औषधांनी घटतात. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात आणि तीन आठवड्यांत सावरतात. बऱ्याच औषधांच्या दोन डोसांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात ते त्यासाठी. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्र असो की पहाट, तडक हॉस्पिटल गाठायचं.

मैत्रिणीच्या घरी दोन सूचना आल्याच होत्या. पहिली, बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर उधळतो. तसं होत नाही, आणि बायोप्सीवाचून गाठीचा प्रकार कळत नाही, तो कळल्यावाचून औषध ठरत नाही. दुसरी, 'केमिकल' नको, काही महिने नैसर्गिक उपाय करून बघा, नाहीतरी ऑपरेशन लांबलंच आहे. ही मला फार धोकादायक वाटते. मधले महिने रिकामे नसतात, उपचार त्याच महिन्यांत चाललेला असतो. आणि पॅक्लिटॅक्सेल झाडाच्या सालीतलंच आहे. यूची पानं किंवा बिया चघळल्या तर त्यांतल्या दुसऱ्या विषाने हृदय बंद पडू शकतं. त्या सालीचं औषध झालं ते तिच्यातला एक रेणू वेगळा काढून, मोजून, हजारो रुग्णांवर तपासून. ज्या चूर्णाच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही त्यावर हे महिने घालवायला मी कुणालाच सांगणार नाही.

आता ऑपरेशन. शेवटच्या डोसानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी ते होतं. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जिवंत आक्रमक कॅन्सर स्तनात आणि ग्रंथींत कुठेच सापडला नाही तर पुढची वाटचाल बरीच आश्वासक असते, विशेषतः ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या गाठी सावकाश विभागतात, केमोने त्या क्वचितच पूर्ण नाहीशा होतात. त्यांचा मुख्य उपचार म्हणजे पुढच्या, हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या, म्हणून तिथे थोडं काही उरलं तर लगेच खचून जाऊ नये. आणि उरलंच, तर तेही उपयोगी पडतं. हर-टू पॉझिटिव्ह गाठ काही प्रमाणात उरलेल्या १४८६ रुग्णांची कॅथरीन नावाची चाचणी झाली. ऑपरेशननंतर हर-टूवरचं जुनंच औषध चालू न ठेवता टी-डीएम१ (त्याच औषधाला केमोचा रेणू जोडलेलं) दिलं, तर आजार परतण्याचा धोका निम्मा झाला. ट्रिपल निगेटिव्हमध्ये काही उरलं तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी असाच फायदा होतो. गाठ पहिल्याच दिवशी काढली असती तर हे जास्तीचं औषध कुणाला लागणार हे कळलंच नसतं.

एक तोटाही सांगायला हवा. केमो आधी की नंतर हे ताडून पाहणाऱ्या १० चाचण्यांतल्या ४७५६ स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा १५ वर्षांत त्याच स्तनात किंवा आसपास आजार परतण्याचं प्रमाण आधी केमो घेतलेल्यांत २१.४ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत १५.९ टक्के निघालं. मृत्यूंत फरक नव्हता. आधी केमो घेतलेल्यांत स्तन जास्त प्रमाणात वाचवले गेले होते हे त्यामागचं एक कारण, आणि आकसलेली गाठ नेमकी कुठवर होती हे ओळखणं अवघड, हे दुसरं. त्या चाचण्या जुन्या. आता केमो सुरू होण्याआधी किंवा सुरुवातीलाच गाठीच्या मधोमध सुईवाटे धातूची बारीकशी क्लिप ठेवतात, काखेतल्या बाधित ग्रंथीतही ठेवता येते. गाठ विरघळली तरी क्लिप जागेवर राहते.

मैत्रिणीच्या बहिणीला ही क्लिप घालायची होती आणि घरात तिचीच सगळ्यात जास्त धास्ती होती. अंगात आणखी एक परकी वस्तू कशाला, म्हणून. मी सांगितलं, साधारण तिळाच्या दाण्याएवढी असते. औषधाने सगळं काम केलं आणि हाताला काहीच लागेनासं झालं, तर कुठे कापायचं हे सर्जनला तीच दाखवणार. ऑपरेशन टेबलावर काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे काढतात, आणि त्यात क्लिप दिसली की मगच टाके घालायला घेतात.