जुन्या फोर बाय फोर गाड्यांची ड्राइव्हट्रेन : दुरुस्ती व अदलाबदल (नागपूर)

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलमधून चारही चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. त्यात ट्रान्सफर केस म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, आणि डिफरन्शिअल म्हणजे अॅक्सलमधला (चाकांच्या आसातला), ती डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा गोळा. ही साखळी उघडून झिजलेले भाग बदलणे, किंवा दुसऱ्या मॉडेलचे भाग बसवणे, हे काम नागपुरात आजही भरपूर चालते. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबा ही जंगले इथून जवळ असल्याने सफारीच्या जिप्सी मोठ्या संख्येने आहेत. शेतावर आणि खेड्यांच्या वाटांवर महिंद्राच्या जुन्या जीपही टिकून आहेत. महिंद्राने विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि तिचे उत्पादन आता थांबले आहे. त्यामुळे नवा अस्सल भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होते आणि कबाडीतल्या भागांवर मदार वाढते. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. सफारीच्या गाड्यांची मोठी कामे याच तीन महिन्यांत काढणे सोयीचे पडते.

जोडीचा नियम

या कामातली सर्वांत महाग चूक एकच : पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या, ते प्रमाण) वेगळा निघणे. कबाडीतून आणलेला अॅक्सल बाहेरून हुबेहूब दिसतो, बोल्टही बसतात, आणि फोर बाय फोर टाकल्यावर गाडी जखडते. पुढे ४.११ आणि मागे ३.७३ असेल तर फरक सुमारे दहा टक्क्यांचा होतो, म्हणजे दर दहा फेऱ्यांमागे जवळपास एक फेरी कुठेतरी घसरून निघायला हवी. चिखलात टायर घसरतात म्हणून खोट लपते. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) आणि ट्रान्सफरच्या दातांवर येतो. ट्रान्सफरचा दांडा ओढूनही टू-व्हीलमध्ये येत नाही, तो याच ताणामुळे. चारही टायर एकाच मापाचे हवेत, तेही त्याचसाठी. रेशो जुळलेला असला तरी या गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नये, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात.

रेशो मोजायला काही उघडावे लागत नाही. पुढच्या चाकांना दगड लावून मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करून उचललेले चाक बरोबर २० वेळा फिरवावे. शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील त्याला दहाने भागले की रेशो मिळतो : सुमारे ४१ फेऱ्या म्हणजे ४.११, ३९ म्हणजे ३.९१, ३७ म्हणजे ३.७३. पुढच्या अॅक्सलला हब लॉक करून (चाक अॅक्सलशी जोडून) हेच करावे. अॅक्सल विकत घेण्याआधी, कबाडीतच, ही मोजणी करावी. उघडलेल्या डिफरन्शिअलचे दात थेट मोजता येतात. महिंद्राच्या सीजे-३बी जीपच्या क्राऊनला (मोठ्या गिअरला) ४३ आणि पिनियनला (शाफ्टकडच्या लहान गिअरला) ८ दात, म्हणून रेशो ५.३८.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एका जोडीचे क्राऊन दुसरीच्या पिनियनला लावले तर दातांची संख्या जुळूनही आवाज येतो आणि दात लवकर झिजतात. अर्धी जोडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

ट्रान्सफर केस

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि दोन्हींमध्ये आखूड शाफ्ट असतो. ती तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. रबर फाटले की ट्रान्सफरचा दांडा थरथरतो, शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस वरचेवर जातात. नुसते क्रॉस बदलत राहण्यात अर्थ नाही, आधी माउंटिंग पाहावे. काढताना तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) छिन्नीने खुणा कराव्यात, स्पीडोमीटरची केबल आणि स्विचची वायर सोडवावी, दांडा मोकळा करावा आणि खाली जॅक घेऊनच माउंटिंगचे बोल्ट काढावेत. ऑइल सुमारे ०.८ लीटर लागते.

सुझुकी एसजे ४१० (जिप्सी याच घराण्यातली) च्या ट्रान्सफरचा रेशो हायमध्ये १.५८० आणि लोमध्ये २.५११ आहे, तर १३०० सीसीच्या मॉडेलच्या ट्रान्सफरचा १.४०९ आणि २.२६८. म्हणून मोठे टायर लावलेल्या १३०० च्या गाडीत ४१० ची ट्रान्सफर बसवण्याची अदलाबदल प्रसिद्ध आहे. दोन्ही अॅक्सल तसेच राहतात, जोडी मोडत नाही, आणि सावकाश चालीत गाडी क्लचवर कमी रेंगाळते. जंगलाच्या वाटेवर ही अदलाबदल मोलाची आहे. महामार्गावर मात्र त्याच वेगाला इंजिन सुमारे बारा टक्के जास्त फिरते. म्हणून ज्या गाडीचा बहुतेक दिवस डांबरावर जातो तिच्यात ही अदलाबदल करू नये.

जुन्या जीपमध्ये स्पायसर १८ ही ट्रान्सफर गिअरबॉक्सला थेट चिकटलेली असते. दोन्हींमध्ये ऑइल झिरपू शकते, त्यामुळे पातळी दोन्हीकडे तपासावी. तिचा दुबळा भाग म्हणजे मधला शाफ्ट. त्यावरचा गिअर सुईसारख्या बारीक रोलरवर फिरतो. ऑइल कमी पडले की रोलर शाफ्टला चर पाडतात आणि लो गिअर निसटू लागतो. चर नखाला लागला तर शाफ्टसह रोलर आणि थ्रस्ट वॉशर सगळेच बदलावे. बसवताना रोलर ओघळतात म्हणून टर्नरकडून गिअरच्या लांबीचा खोटा शाफ्ट करून घ्यावा, रोलर ग्रीसने त्याभोवती चिकटवावेत आणि गिअर केसमध्ये ठेवून खरा शाफ्ट ठोकत खोटा बाहेर काढावा. आउटपुट शाफ्टचा मागे-पुढे खेळ मागच्या टोपीखालच्या शिमने (पातळ चकतीने) ०.१० ते ०.२० मिमी ठेवतात. तो नसेल तर बेअरिंग तापते, जास्त असेल तर नवे सीलही गळते. या ट्रान्सफरचा मागचा आउटपुट एका बाजूला सरकलेला असतो. मधोमध पिनियन असलेला अॅक्सल मागे लावल्यास शाफ्ट तिरका चालतो.

डिफरन्शिअल आणि पुढचा अॅक्सल

दात खाल्लेल्या डिफरन्शिअलमध्ये मूळ दोष बहुधा पाण्याचा असतो. उन्हातून आलेली गाडी थेट नाल्यात उतरली की तापलेले हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवेचे छिद्र) चिखलाने बुजलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढले जाते. प्लग उघडल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर ते त्याच दिवशी काढावे, बेअरिंगवर गंज चढायला वेळ लागत नाही. ब्रीदरला नळी जोडून ती चेसिसच्या वर नेणे हा अगदी थोड्या खर्चाचा उपाय आहे, आणि तो प्रत्येक गाडीत असायलाच हवा.

जुळणीत दोन मापे सांभाळावी लागतात. क्राऊन-पिनियनमधला खेळ डायल गेजवर, जीपच्या स्पायसर अॅक्सलमध्ये, सुमारे ०.१३ ते ०.२३ मिमी हवा. दुसरे माप म्हणजे दातांवरचा ठसा. दातांना प्रशियन ब्ल्यू (निळा रंग) लावून क्राऊन हाताने फिरवतात. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेले आहे, शिम पातळ करावी. टोकाशी उमटला तर शिम वाढवावी. जिप्सीत डिफरन्शिअलचा अख्खा गोळा बाहेर निघतो आणि बाजूचे बेअरिंग आट्याच्या नटाने सरकवता येते, म्हणून काम टेबलावर होते. तिच्या पिनियनवरचा दबणारा स्पेसर एकदाच वापरायचा असतो. जुना परत घातला तर नट कितीही आवळला तरी प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) टिकत नाही.

पुढच्या अॅक्सलच्या गोल नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) ग्रीस असते. ते ताकासारखे पातळ होऊन चाकाच्या आतल्या बाजूला ओघळत असेल तर डिफरन्शिअलचे ऑइल आतल्या सीलमधून तिकडे येत आहे. बाहेरचे सील बदलून हे थांबत नाही. शाफ्ट बाहेर काढून आतले सील बदलावे, सगळे ग्रीस घासलेटने धुवावे आणि मॉली ग्रीस भरावे. पूर्ण वळणावर येणारा कटकट आवाज सांध्याच्या गोळ्यांचा असतो.

शाफ्ट आणि ऑइल

सरकत्या स्प्लाइनचा शाफ्ट दोन तुकड्यांत निघाला तर जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत यावेत. एक दात चुकला तरी गाडी विशिष्ट वेगाला थरथरते आणि दोष चाकाच्या बॅलन्सिंगवर ढकलला जातो.

डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ दर्जाचे ९० नंबरचे ऑइल लागते. पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ घालावे, जीएल-५ मधली रसायने पितळ खातात. जिप्सीला पुढे सुमारे २ लीटर, मागे १.५ आणि गिअरबॉक्सला १.३ लीटर लागते. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरी उन्हाळ्यात, खेळ वाढलेल्या जुन्या जीपच्या डिफरन्शिअलमध्ये १४० नंबर घालणे योग्य ठरते.

नोंदणी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्याच जातीचा झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. इंजिन बदलायचे असेल तर एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९, ज्या आरटीओ कार्यालयात गाडी नोंदलेली आहे तिथे, आधी परवानगी घ्यावी.

पहिली तपासणी

नव्या जुळणीनंतर पहिल्या ५०० किमीला ऑइल काढून प्लगच्या लोहचुंबकावरचा गाळ बोटांत चोळून पाहावी. राखाडी, पेस्टसारखा असेल तर नवे दात बसत आहेत. टोचणारे कण किंवा चकाकणाऱ्या पापड्या लागल्या तर गाडी न चालवता तो भाग पुन्हा उघडावा.