छोट्या बोटीतली बॅटरी पुढे हलवणं आणि मोटरची वायरिंग

१२-१६ फुटी ॲल्युमिनियम नाहीतर फायबरच्या बोटीत मागच्या कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी उचलून मधे किंवा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, बसवायची आणि तिथून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरला वायर ओढायची, असं हे काम. अमेरिकेत तळ्यांवर हौसेने मासे धरणारे लोक हे घरीच करतात. ट्रोलिंग मोटर म्हणजे पेट्रोलचं इंजिन बंद करून आवाज न करता हळूहळू सरकायची छोटी मोटर. गिअरवाली पहिली अशी मोटर ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गोला बनवली, मिन कोटा हा ब्रँड तिथलाच.

हलवायचं कारण वजन. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी मागे, चालवणारा मागे आणि वर २५-२८ किलोची लेड-ॲसिड बॅटरी पण मागेच, मग बोट मागून बसते आणि नाळ आभाळाकडे बघते. पण म्हणून सगळ्याच बॅटऱ्या पुढे न्यायच्या नसतात. इंजिनची बॅटरी मागेच बरी, कारण स्टार्टर क्षणभर का होईना शंभरच्या वर अँपिअर खेचतो आणि तेवढी लांब जाड केबल म्हणजे उगाच खर्च. हलवायची ती ट्रोलिंगची डीप सायकल बॅटरी, म्हणजे बराच वेळ हळूहळू करंट देणारी.

सगळ्यात जास्त चुका वायरच्या जाडीत होतात. ५५ पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला साधारण ५० अँपिअर घेते. बॅटरी मागेच ठेवली आणि मोटर पुढे नाळेवर, ४ मीटरवर असली तर करंटला जाऊन-येऊन ८ मीटर पडतात, हे येणं लोक मोजतच नाहीत! ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर टाकली तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे दहा टक्के, वर वायर हाताला गरम लागते ती वेगळीच. १६ स्क्वेअरला हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. बॅटरी पुढे आणली की वायर एक-दीड मीटरवर भागते, म्हणजे वजनासाठी केलेल्या कामात हा फायदा फुकटात.

प्लसच्या वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ ब्रेकर हवाच, अशा मोटरला बहुतेक ६० अँपिअरचा लावतात. मायनससाठी ॲल्युमिनियमची बॉडी वापरायची नाही, पत्रा गंजून झिजतो, वेगळी वायरच ओढायची. वायर शक्यतो कथिल चढवलेली घ्यावी, साधी वायर वर्षभराने सोलून बघितली तर आत तांबं हिरवंकाळं झालेलं दिसतं. लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा डोळा, नीट क्रिंप करून (दाबून बसवून) वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, नुसती टेप गुंडाळली की पाणी आत जातंच.

बॅटरी बॉक्समध्ये पट्ट्याने आवळलेली पाहिजे, आणि नाळेतल्या बंद कप्प्यात ठेवली तर हवा खेळती ठेवा, कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. २४ व्होल्टच्या मोटरला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, त्याच ताकदीला करंट निम्मा लागतो. हल्ली १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी ११-१२ किलोत मिळते, ती घेतली तर बऱ्याच बोटींत वजनासाठी काही हलवायची वेळच येत नाही, फक्त जुना लेड-ॲसिडचा चार्जर तिला चालेलच असं नाही.