सशाच्या प्लीहेतून फ्लास्कात: डुकरांच्या तापाची लस

वेंगुर्ला-सावंतवाडीकडे ज्यांच्या परड्यात डुकरं आहेत, त्यांनी स्वाइन फीव्हरच्या लशीची कुपी पाहिलेली असते. कुपीच्या तळाशी पांढरी वडी असते, ती बराच काळ सशाच्या प्लीहेपासूनच बनायची. विषाणू सशाला टोचायचा, ताप चढला की प्लीहा काढून वाटायची, गोठवून सुकवायची. शेकडो सशांमधून फिरलेला हा विषाणू डुकराला आजारी पाडत नाही, प्रतिकारशक्ती मात्र जागी करतो. पण एका प्लीहेतून जेमतेम 50 डोस निघत. देशाची गरज वर्षाला सुमारे 2.2 कोटींची, बनायचे 12 लाखांच्या आसपास.

म्हणून इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने आधी हाच विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवला, आणि मग देशी विषाणू दुबळा करून तशीच नवी लस बनवली. ती 2020 मध्ये आली.

ऐकायला सोपं, पण हा विषाणू सहसा पेशी मारत नाही. लागण झालेला फ्लास्क आणि कोरा फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. रंग जोडलेल्या अँटिबॉडीने पेशी माखल्या तरच फरक कळतो. त्यात पेशींना पोसायला घालायच्या वासराच्या सीरममध्ये (रक्तातल्या पातळ द्रवात) याच विषाणूचा चुलतभाऊ, गुरांच्या अतिसाराचा विषाणू, लपून येऊ शकतो. सीरम तपासलं नाही, तर अख्खी बॅच वाया.

परड्यात लस फसते ती वेगळ्याच कारणांनी. टोचलेल्या डुकरिणीच्या पहिल्या चिकातून पिल्लांना अँटिबॉडी मिळतात, आणि याच अँटिबॉडी पिल्लांना टोचलेल्या लशीतला विषाणू निकामी करतात. अशा पिल्लांना साधारण आठव्या आठवड्याआधी टोचण्यात अर्थ नाही. कुपी 2 ते 8 अंशांत हवी. पावसाळ्यात वीज दोन दिवस गेली, तर फ्रिज नुसतं कपाट. विरघळवलेली लस बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवायची. सुई स्पिरिटने पुसू नये, जिवंत विषाणू तिथेच मरतो. उकळून गार केलेली सुई बरी.

ही लस आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर चालत नाही. नाव सारखं, विषाणू सर्वस्वी वेगळा. तो प्रतिकार करणाऱ्या पेशींतच घर करतो, आणि अँटिबॉडी त्याला पुरत्या अडवू शकत नाहीत. जनुक कापून दुबळा केलेल्या विषाणूची लस व्हिएतनाममध्ये वापरात आली, पण असा विषाणू पुन्हा जोर धरेल ही धास्ती आहेच. खात्रीची लस येईतोवर डुकरांना हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांनी ते ढवळत अर्धा तास खळखळ उकळावं; खारवलेल्या मांसातही हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो.