बर्टनची एल: चव विहिरीच्या पाण्याची

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी बर्टन हे गाव आहे. तिथली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची इंग्रजी धाटणीची बिअर, नाकाशी नेली की आधी गंधकाचा वास येतो, नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा. जाणकार त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात. नवख्याला वाटतं, पिंप नासलं. हा वास पाण्याचा. गावाखालच्या थरांत जिप्सम हे खनिज भरपूर, त्यामुळे विहिरींच्या पाण्यात सल्फेट उतरतं. मोड आणून भाजलेल्या बार्लीची बिस्किटासारखी चव त्या पाण्यात सुटसुटीत राहते आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा कोरडा, धारदार होतो. हे गुपित कळल्यावर इतर गावचे कारखानदारही पाण्यात जिप्सम कालवू लागले. त्या खटाटोपाला 'बर्टनायझेशन' असं भारदस्त नावही पडलं!

एल जुनी, हॉप्स त्यामानाने नवे. ते पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून इंग्लंडात रुजले. बर्टनमध्ये आधी मठातले साधू एल करत. अठराव्या शतकात इथली गडद, गोडसर एल बाल्टिकमार्गे रशियाला जाऊ लागली. नेपोलियनच्या काळात तो व्यापार बसला, तेव्हा 1820च्या दशकात ऑलसॉप या कारखान्याने हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. तिथे लंडनच्या हॉजसन या कारखानदाराची एल आधीच पोचलेली होती. त्यामुळे इंडिया पेल एल खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही लाडकी गोष्ट काही टिकत नाही. फिकट, हॉप्स जास्त घातलेली एल होतीच. आफ्रिकेला वळसा घालत महिनोन्‌महिने जहाजात हिंदकळून ती मुंबई-कलकत्त्याला उतरे तोवर छान मुरलेली असे. पिणारे अर्थात गोरे साहेब. पुढे बर्टनच्या पाण्यापुढे हॉजसन मागे पडला. बर्टनच्याच बास कंपनीचा लाल त्रिकोण 1876 साली ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला.

'रिअल एल' हा शब्द मात्र कालपरवाचा. मोठे कारखाने बिअर गाळून, पाश्चराइज करून, वायूच्या दाबाने नळातून सोडू लागले. त्याला वैतागून 1971 साली चौघा मित्रांनी 'कामरा' ही चळवळ सुरू केली. त्यांची अट एवढीच: पिंपात यीस्ट जिवंत हवं, एल तिथेच पुन्हा आंबायला हवी आणि बाहेरचा वायू न भरता ग्लासात यायला हवी. पबच्या तळघरात ती साधारण 11 ते 13 अंशांवर ठेवतात. 'इंग्रज कोमट बिअर पितात' हा टोमणा त्यातूनच आला. गाळ खाली बसावा म्हणून पिंपात माशाच्या वाताशयापासून केलेला आयझिंग्लास घालण्याची जुनी रीत आहे. आपले कोळी ज्याला 'भोत' म्हणतात, तोच हा अवयव.

बर्टनमध्ये ओकची पिंपं रांगेत जोडून एल आंबवायची 'बर्टन युनियन' ही पद्धत होती. यीस्टचा फेस नळ्यांतून वरच्या पन्हळीत चढायचा, एल परत खाली यायची. मार्स्टन्सने ती शेवटपर्यंत चालवली आणि 2024 मध्ये बंद केली. त्यातला एक संच डर्बीशायरच्या थॉर्नब्रिजकडे गेला. विहिरी बर्टनमध्येच राहिल्या.