क्लाउड बॅकअपसाठी व्हर्च्युअल मशीनची आकारनिश्चिती

माहितीच्या राखीव प्रती दूरच्या डेटा सेंटरमध्ये घेणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला (खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाला) किती प्रोसेसर, रॅम, डिस्क व नेटवर्क द्यावे हे ठरविण्याची पद्धत. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) सराफी पेढ्या, जिनिंग, डाळमिल व पतसंस्था यांच्या हिशेबांच्या संदर्भात तिचा विचार करावा लागतो.

‘व्हर्च्युअल मशीन’ या संज्ञेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) केंद्रात रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने १९६४ च्या सुमारास सीपी-४० प्रणाली हाती घेतली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र संगणकाचा आभास होई. पण संज्ञा बहुधा त्याच कंपनीच्या एम४४/४४एक्स प्रकल्पातून आली. त्या प्रकल्पात मूळ यंत्राची संपूर्ण प्रतिकृती नव्हती. त्यामुळे कल्पनेचे श्रेय सीपी-४० कडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. व्हर्च्युअल मशीनचे औपचारिक निकष पोपेक व गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले.

साठा किती टेराबाइट, त्यावरून कोअर (प्रोसेसरमधील गणन करणारे घटक) मोजण्याची तयार कोष्टके प्रचलित आहेत. प्रत्यक्षात रोज बदलणारी माहिती व डिडुप्लिकेशन (सारखे ठोकळे एकदाच साठविणे) या बाबी निर्णायक ठरतात. डिडुप्लिकेशनमध्ये प्रत्येक ठोकळ्याची नोंद रॅममध्ये ठेवणे इष्ट असते. १२८ किलोबाइटचा ठोकळा धरल्यास १ टेराबाइटचे ८३,८८,६०८ ठोकळे होतात; झेडएफएस या फाइल प्रणालीप्रमाणे नोंदीस सुमारे ३२० बाइट धरले, तर २.५ गिगाबाइट रॅम लागते. ठोकळा ४ किलोबाइटचा केला, की हीच गरज ८० गिगाबाइटवर जाते. नोंदी रॅममध्ये मावल्या नाहीत, तर प्रत्येक शोध डिस्कवर जातो आणि काम कमालीचे मंदावते. कॉम्प्रेशन व एन्क्रिप्शनचा भार प्रोसेसरवर पडतो. क्रेडिटवर (काम कमी असताना साठलेल्या प्रोसेसर-वेळेच्या शिलकीवर) चालणारी स्वस्त मशीने थोडा वेळ वेगाने धावतात. रात्रभराच्या कामात क्रेडिट संपते, म्हणून ती येथे टाळावीत.

मायक्रोसॉफ्टने पुण्यात २०१५ मध्ये व ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये क्लाउड केंद्रे सुरू केली. जळगावपासूनचे अंतर हा मोठा अडसर नाही. खरा अडसर अपलोडचा. १०० मेगाबिटच्या लाइनवर तासाला जास्तीत जास्त ४५ गिगाबाइट जातात. ७० टक्के क्षमता धरल्यास सुमारे ३१. पेढीचा साठा २ टेराबाइट व रोजचा बदल ३ टक्के मानला, तर रात्रीचे ६० गिगाबाइट दोन तासांत जातील, पण पहिल्या पूर्ण प्रतीस जवळजवळ तीन दिवस लागतील. म्हणून माहिती पाठविण्यापूर्वीच, म्हणजे पेढीतल्या मशीनवर, डिडुप्लिकेशन करणे या भागात श्रेयस्कर. बदलाचे मोजमाप आखाजी (अक्षय्य तृतीया), धनत्रयोदशी किंवा कापसाच्या हंगामात घ्यावे. आषाढातल्या मोजमापावर ठरविलेले मशीन दिवाळीत अपुरे पडते.

माहिती परत आणायलाही त्याच लाइनवर तितकाच वेळ लागतो, त्यामुळे तातडीच्या वेळी प्रत क्लाउडमध्येच चालू करण्याची सोय असावी. त्यासाठी मशीन थांबवून कोअर व रॅम तात्पुरती वाढविता येते व नंतर कमीही करता येते. डिस्क मात्र एकदा वाढविली, की सामान्यतः लहान करता येत नाही.